गाडीच्या कपाळावरची माळ

गाडी कोणती घ्यायची याचा अभ्यास मी पाच महिने केला. घरातल्यांना वाटलं, निवृत्त माणसाचा वेळ जात नाही. आयुष्यभर सरकारी फायली वाचलेला माणूस आता गाड्यांची माहितीपत्रकं वाचतोय आणि समासात शेरे मारतोय, असं जावई चारचौघांत सांगायचा. मीही सगळ्यांबरोबर हसायचो. शोरूममध्ये मी इंजिनाबद्दल एक प्रश्न विचारला आणि ब्रेकबद्दल वीस. सेल्समन बिचारा टर्बोचं कौतुक सांगत होता, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पेट्रोल कसं वाचतं ते सांगत होता. मी पुन्हा पुन्हा एकच विचारत होतो, की डावीकडून अचानक माणूस पुढ्यात आला तर तो गाडीला किती आधी दिसतो. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "सर, ये गाड़ी आपसे पहले देखती है." मी तिथल्या तिथे बुकिंग केलं.

मला काचबिंदू झाला होता. हे तेव्हा मी आणि माझा डोळ्यांचा डॉक्टर सोडून कोणालाही ठाऊक नव्हतं.

काचबिंदूची गंमत अशी की तो समोरचं काही घेत नाही. तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा मी घडाघडा वाचायचो. तो कडेनं खातो. आणि जिथलं दिसत नाही तिथं काळोख असेल असं लोकांना वाटतं, तसंही नसतं. रस्ता अखंड दिसतो, फक्त त्यातला माणूस नसतो, आणि मग एकदम असतो. हॉस्पिटलात एका भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात आणि ठिपका चमकला की बटण दाबायला सांगतात. मी बराच वेळ बटण न दाबता बसलो होतो. मला वाटलं यंत्र अजून सुरूच व्हायचंय. डॉक्टरांनी कागद समोर ठेवला, त्यावर डावीकडे काळंच काळं होतं आणि उजवीकडेही कडेकडेनं काळं सरकत आलं होतं. ते म्हणाले, "गाडी सध्या चालवू नका." मी 'सध्या' तेवढं धरून घरी आलो. बायकोला सांगितलं, डोळ्यांचं प्रेशर जरा वाढलंय, थेंब घालायचेत.

हे का लपवलं, ते सरळ सांगतो. घाबरलो होतो. बायकोला गाडी येत नाही. मुलगी आणि जावई नोएडात, दोघंही नोकरीवर, आणि सात वर्षांच्या नातीला रोज दुपारी शाळेतून मयूर विहारला आमच्या घरी आणायचं काम माझं. सगळ्या दिवसात माझी कोणाला गरज असेल असा तो एवढाच तास होता. ज्या दिवशी गाडीची चावी हातातून जाईल त्या दिवशी मी या घरातला म्हातारा होईन अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून मी डोळे असलेली गाडी विकत घेतली. याला मूर्खपणा म्हणा, आणखी काही म्हणा, मी त्याला त्या वेळी तोडगा म्हणत होतो.

आणि तोडगा चालला, हेच वाईट झालं. बाजूनं कोणी आलं की आरशात नारिंगी दिवा लागायचा. पट्टा सोडून गाडी सरकली की स्टीअरिंग हातात थरथरायचं. एकदा शाळेच्या फाटकाजवळ गाडीनं आपण होऊन करकचून ब्रेक मारला. मी पुढे फेकला गेलो, सीटबेल्टनं छातीत धरलं, आणि मग मला समोरून आडवी गेलेली ई-रिक्षा दिसली. मागच्या सीटवर नात खिदळत म्हणाली, "आजोबा, गाडी तुमच्यापेक्षा स्मार्ट आहे यार." त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ बाथरूममध्ये उभा होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चावी घेऊन निघालो.

दिवाळीच्या पाडव्याला बायकोनं गाडीची पूजा केली. दरवर्षी करते. दिल्लीत इतकी वर्षं काढली, हिंदीत भांडायला शिकली, पण पाडव्याला गाडीला हळदकुंकू वाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. नव्या गाडीचा पहिला पाडवा म्हणून तिनं बाजारातून चांगली जाडजूड झेंडूची माळ आणली होती. इकडच्या माळांत फुलांच्या मध्ये मध्ये रुपेरी चमकी गुंफलेली असते, तशी. गाडीच्या पुढच्या जाळीच्या मधोमध कंपनीचं चिन्ह होतं, त्याच्यावरच तिनं ती दुहेरी करून बांधली. "हे गाडीचं कपाळ," ती म्हणाली. "माळ इथेच शोभते." मी शेजारी उभा राहून नारळ धरला होता. त्या चिन्हाच्या मागेच गाडीचा रडार, म्हणजे पुढचं बघणारा तिचा डोळा असतो, हे मी पुस्तिकेत वाचलं होतं, पेन्सिलीनं खूणसुद्धा केली होती. तरी माळ बांधताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. पूजा ही पूजा आणि रडार हा रडार.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. माझी धाकटी बहीण आर. के. पुरमला राहते, तिच्या मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मी, बायको आणि सुट्टीत आमच्याकडेच असलेली नात, असे तिघं सकाळी साडेनऊला निघालो. फटाक्यांचा धूर आणि धुकं मिळून बाहेर जे काही होतं त्यात समोरची इमारत अर्धीच दिसत होती. गाडी सुरू केली, तर समोरच्या पडद्यावर पिवळी खूण लागली आणि खाली इंग्रजीत ओळ आली.

नातीनं मागून मान पुढे काढून ती वाचली. "फ्रंट रडार ब्लॉक्ड. आजोबा, मतलब काय?"

"धुकं आहे ना," मी म्हणालो. "त्याला दिसत नाहीये."

"म्हणजे ते आपोआप ब्रेक लागतात, ते बंद?" बायकोनं विचारलं.

"धूर कमी झाला की होईल सुरू."

"मग कशाला चालवता? टॅक्सी बोलावू ना."

इतका सोपा दरवाजा मला कधी कोणी उघडून दिला नव्हता. हो म्हणायचं, इंजिन बंद करायचं आणि फोन काढायचा. पण या माणसानं इतकी वर्षं दिल्लीतल्या धुक्यात साध्या गाड्या चालवल्या होत्या, आणि हे बायकोला माहीत होतं. आता एक पिवळा दिवा लागला म्हणून तो टॅक्सी का मागतोय, हे तिनं विचारलंच असतं. निदान मला तसं वाटलं. मी म्हणालो, "काही होत नाही," आणि गिअर टाकला.

तो प्रवास माझ्या अंगात अजून आहे. निजामुद्दीनच्या पुलावर मी डाव्या पट्ट्यात तीस-पस्तीसच्या वेगानं चाललो होतो आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खात होते. मी मान सतत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत होतो. डावीकडे बघताना उजवीकडचं गेलेलं असायचं, उजवीकडे बघताना डावीकडचं. मोटरसायकली धुरातून उगवत होत्या आणि मधल्या मधेच नाहीशा होत होत्या. आरशातला नारिंगी दिवा चालू होता, तो बाजूचं सांगत होता, पण पुढचं सांगणारं आज कोणी नव्हतं. आश्रमच्या आसपास माझ्या लक्षात आलं की कुर्ता पाठीला चिकटलाय. बाहेर थंडी होती.

"मान दुखतेय का?" बायकोनं विचारलं.

"थोडी."

"उशी बदला म्हणून किती दिवस सांगतेय."

मागे नात तिच्या आत्याआजीसाठी घेतलेल्या साडीच्या पिशवीशी खेळत होती. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, पिशवीचा आवाज बंद कर म्हणून, कारण आता मी कानांनी गाडी चालवत होतो. ओरडलो नाही. बायकोला म्हटलं, "जरा गप्प बसा दोघी." तिनं माझ्याकडे पाहिलं, असावं. मला फक्त समोरचा बंपर दिसत होता.

रिंग रोड संपला. आर. के. पुरमच्या आत वळलो तेव्हा मी श्वास सोडला. आतले रस्ते रिकामे, दोन्ही बाजूंना झाडं, सरकारी घरं, कोणाच्या तरी गॅलरीत कालचा आकाशकंदील. इथे मी लहानपणी सायकल शिकलो होतो. वेग वीसच्या खाली आला होता. शेवटचं वळण डावीकडे. मी डावीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता, सिग्नल दिला आणि स्टीअरिंग वळवलं.

आवाज फार मोठा नव्हता. पत्र्यावर ताट आपटावं तेवढा. बायकोनं माझा हात धरला आणि तेवढ्यात मी ब्रेक दाबला. बंपरच्या कोपऱ्याशी एक सायकल आडवी होती आणि फूटपाथच्या कडेला एक माणूस बसल्यासारखा पडला होता. पन्नाशीचा, गार्डचा निळा स्वेटर, रात्रीची ड्यूटी संपवून घरी निघालेला. तळहात आणि कोपर सोलून निघाले होते आणि पँट गुडघ्यावर फाटली होती. मी उतरून त्याच्याजवळ गेलो.

"कहीं ज़्यादा तो नहीं लगी?" मी विचारलं. असल्या वेळी सगळे विचारतात तेच.

तो रागावला नव्हता. बुचकळ्यात पडल्यासारखा माझ्याकडे बघत होता. "साहब, मैं तो सामने ही था," तो म्हणाला. "आपने मेरी तरफ़ देखा भी. फिर गाड़ी क्यों मोड़ दी?"

बायकोनं पाण्याची बाटली आणून त्याचा हात धुतला आणि स्वतःची ओढणी फाडून कोपराला बांधली. मी भाच्याला फोन लावला. घर दोन मिनिटांवर होतं, तो स्कूटरवर आलाच. त्यानं माणसाला मागे बसवलं, दवाखान्यात नेलं, मलमपट्टी आणि इंजेक्शन करून आणलं, त्याची वाकडी झालेली सायकल दुरुस्तीला टाकली आणि त्याला घरापर्यंत सोडून आला. हाड मोडलं नव्हतं. भाच्यानं सगळं नीट केलं, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. मी त्या वेळात बहिणीच्या इमारतीखाली, गाडीशेजारी नुसता उभा होतो. बायको आणि नातही तिथेच थांबल्या होत्या. वर जायला कोणाचे पाय निघत नव्हते.

परत आल्यावर भाचा बंपर किती चेपलाय ते बघायला खाली वाकला आणि तसाच थांबला.

"मामा, रडार इथेच असतो ना? लोगोच्या मागे?" त्यानं माळ बोटानं उचलली. "मामींनी बरोबर त्याच्यावर माळ बांधलीये. आणि ही चमकी बघा. ये तो मेटल है. रडारला काय घंटा दिसणार यातून?"

त्यानं माळ सोडवली आणि मला गाडी सुरू करायला सांगितली. मी सुरू केली. पिवळी खूण दोन क्षण राहिली आणि विझली. ओळही गेली. धूर तर सकाळी होता तेवढाच होता.

"मिल गया," भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. कारण सापडलं की माणसाला बरं वाटतं. मी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

मी इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकली.

भाच्याला वाटलं मी धक्क्यात आहे. तोच तिला समजावत होता, की मामी, तुम्हाला काय माहीत, अर्धी दिल्ली माळा बांधते, झालं ते झालं, नशीब थोडक्यात निभावलं. ती ऐकायला तयार नव्हती. वर गेल्यावर बहिणीच्या गळ्यात पडून ती रडली. "माझ्या हातून माणूस मेला असता गं. हे सांगत असतात, पुस्तिका वाच, पुस्तिका वाच, मी कुठे वाचते." बहिणीनं तिला पाणी दिलं. मी शेजारच्या खोलीत खुर्चीवर बसून प्रत्येक शब्द ऐकत होतो. ती म्हणत होती की यापुढे ती गाडीला फूलसुद्धा वाहणार नाही. मध्ये एकदा ती म्हणाली, की यांनी गाडी इतकी बघून घेतली, आणि मी तिला आंधळी केली.

आता लाज बाजूला ठेवून सांगायचं तर, त्या खुर्चीवर मी हिशेब करत होतो. माळ निघाली होती. रडार चालू झाला होता. कोणाला काही संशय नव्हता, उलट सगळ्यांकडे कारण होतं, आणि ते खरंही होतं. माळ नसती तर गाडी कदाचित थांबली असती. बायको दोन दिवस रडेल, आठ दिवस गप्प राहील, मग विसरेल. सोमवारी शाळा सुरू होईल. मी हे सगळं ओळीनं, शांतपणे मांडलं, जसं ऑफिसात टिपण लिहितात तसं. फक्त त्या गार्डचं एक वाक्य त्यात कुठे बसत नव्हतं. आपने मेरी तरफ़ देखा भी. मी खरंच त्याच्याकडे पाहिलं होतं.

बहिणीनं हाक मारली. हॉलमध्ये पाट मांडला होता, भोवती रांगोळी. मी बसलो, डोक्यावर रुमाल घेतला. भाचा सोफ्यावर होता, नात चकली खात त्याला टेकली होती. बायको माझ्या डाव्या हाताला कुठेतरी उभी होती, तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं. बहिणीनं टिळा लावला, अक्षता टाकल्या, अंगठी आणि सुपारी ओवाळली. मग तिनं निरांजनाचं ताट उचललं.

वात माझ्या समोर होती तोवर होती. ताट डावीकडे गेलं आणि वात गेली. बहिणीचा चेहरा होता, तिच्या पदराचा काठ होता, मागची भिंत होती, दिवा नव्हता. मग तो खालून समोर आला, उजवीकडे गेला, आणि पुन्हा गेला. दोन वेळा तिनं ओवाळलं, दोन्ही वेळा तसंच. आणि डावीकडून बायको हळूच बहिणीला म्हणाली, "वर्षाचा सण, आणि माझ्यामुळे यांचं असं तोंड झालंय."

"माळेमुळे नाही झालं," मी म्हणालो.

बहिणीचा हात थांबला. "काय, दादा?"

"मला दिवा दिसत नाहीये. ताट कडेला गेलं की दिसत नाही. तो माणूसही दिसला नव्हता. माळ असती-नसती तरी मला दिसला नसता."

मग मी सगळं सांगितलं. काचबिंदू, काळा कागद, डॉक्टर काय म्हणाले ते, गाडी का घेतली ते. फार वेळ लागला नाही. इतके महिने जे पोटात धरलं होतं ते चार-पाच वाक्यांत संपलं, याचं मलाच नवल वाटलं. बहीण ताट हातात धरून तशीच उभी होती आणि वात हलत होती. भाच्यानं नातीला नकळत जवळ ओढून घेतलं.

"कधीपासून?" बायकोनं विचारलं.

"गाडी घ्यायच्या आधीपासून."

"म्हणजे रोज दुपारी." ती नातीबद्दल बोलत होती. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आणि मघापासून मी रडत होते," ती म्हणाली, "ते तुम्हाला आत ऐकू येत होतं?"

"येत होतं," मी म्हणालो.

पाऊल वाजलं. ती तिथून सरकली होती, खोलीबाहेर गेली होती की माझ्या बाजूलाच उभी होती, ते मला समोर बघून कळत नव्हतं. मान वळवली असती तर कळलं असतं. माझी हिंमत झाली नाही.